चित्र न बघता मत कसं द्यावं

जुने चित्रकार थोर आणि आजचे भंपक, हे ठणकावून सांगायला चित्रं बघावी लागतात, असं तुम्हाला कुणी सांगितलं? एक वाक्य पाठ असलं की भागतं. 'हे तर आमचं कार्टंसुद्धा काढेल!'

पुरावा म्हणून केळं हाताशी ठेवा. मॉरिझिओ कातेलानने 2019 साली मायामीत टेपने भिंतीला चिकटवलेलं. त्या कलाकृतीच्या एका प्रतीला 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 62 लाख डॉलर आले आणि घेणाऱ्याने केळं खाल्लंही! शंभर वर्षांच्या आधुनिक कलेचा निकाल एवढ्यावर बिनदिक्कत लावायचा. पिकासोचं नाव मात्र टाळा. त्या गृहस्थाने पंधराव्या वर्षीच आजारी बाई, नाडी बघणारा डॉक्टर, मूल कडेवर घेतलेली नन असं रीतसर मोठं चित्र काढून ठेवलंय. कार्ट्याची पंचाईत होते.

आता जुन्यांची स्तुती. ती लांबूनच करावी. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हॅन आइकचं 1434 मधलं आर्नोल्फिनी जोडपं आहे. त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या बहिर्गोल आरशाजवळ चुकूनही जाऊ नका. त्यात जोडप्याच्या पाठी दिसतात, दारातून येणारी आणखी दोन माणसं दिसतात, आणि आरशाच्या चौकटीतल्या दहा इवल्याशा गोलांत ख्रिस्ताच्या यातनांचे प्रसंग. तैलरंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवून केलेलं काम. तिथे पाच मिनिटं रेंगाळलात तर 'अगदी फोटोसारखं!' ही आपली हुकमी दाद घशातच अडकायची.

रुबेन्सच्या अँटवर्पच्या चित्रशाळेत बरंचसं काम शिष्य उरकत आणि गुरुजी शेवटचा हात फिरवत, हेही कानाआड करा. नाहीतर आजच्या कलाकाराला 'स्वतः ब्रश तरी धरलास का?' असं कुठल्या तोंडाने विचारणार?

पॅरिसला गेलात तर मोनालिसा चुकवायची नाही. चित्र 77 बाय 53 सेंटीमीटरचं, पण त्याने आपलं काही अडत नाही. गर्दीतून कोपराने वाट काढा, काचेपर्यंत पोहोचा, तिच्याकडे पाठ करा आणि मोबाइल उंच धरा. आता तुमचं तोंड समोरच्या भिंतीवरच्या व्हेरोनेजेच्या 'काना गावच्या लग्ना'कडे आहे. जवळपास दहा मीटर रुंद, शंभराहून जास्त माणसं, शिवाय कुत्री. घाबरू नका, नजर मोबाइलवरच ठेवा. फोटो धूसर आला तर दुसरा काढा. मागचे लोक शिव्या देतील, त्या इटालियनमध्ये असल्या तर झोंबत नाहीत.