चाग्रेसकाठचे एम्बेरा गाव: एका आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. पनामातील चाग्रेस नदीकाठच्या, एम्बेरा या आदिवासी समाजाच्या गावाच्या एकदिवसीय सहलीवर मी लिहिले, त्यावर आपला आक्षेप असा की हे माणसांचे प्रदर्शन आहे. पर्यटकांची होडी काठाला लागली की मण्यांच्या माळा अंगावर चढतात, ती परतली की टी-शर्ट येतात, आणि अशा नाटकाला मी पैसे मोजले.

टी-शर्टाची गोष्ट खरी आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसलेली मुलगी दुसऱ्या दिवशी जीन्स घालून कामावर जाते, म्हणून तिची नऊवारी खोटी ठरत नाही. तिथे कोणी तिकीट काढत नाही, असे आपण म्हणाल. तेव्हा पैशाकडेच वळू.

एम्बेरा लोक मूळचे पूर्व पनामातल्या दारिएनच्या जंगलातले. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्यातील काही कुटुंबे चाग्रेसच्या खोऱ्यात आली आणि शिकार, मासेमारी व केळी-भाताच्या शेतीवर राहू लागली. पनामा कालव्यातून जाणाऱ्या प्रत्येक जहाजामागे गोडे पाणी समुद्रात सोडावे लागते आणि त्याचा मोठा वाटा याच नदीतून येतो. तिच्यावर 1935 साली पूर्ण झालेल्या मॅडन धरणाच्या जलाशयातून राजधानीला पिण्याचे पाणीही मिळते. जंगल तुटले तर हा जलाशय गाळाने भरेल, म्हणून 1980च्या दशकात या खोऱ्यात राष्ट्रीय उद्यान झाले आणि शिकारीवर, वृक्षतोडीवर व विक्रीसाठीच्या शेतीवर बंधने आली. दारिएनमधील एम्बेरांना 1983 साली स्वायत्त प्रदेश मिळाला, पण ही गावे त्याच्या बाहेर राहिली. कालव्याचे पाणी राखण्याची किंमत ज्यांनी आपल्या शेतीने चुकवली, त्यांनी होडी चालवून, तळलेला मासा व कच्च्या केळ्याचे काप पानात वाढून आणि नाच दाखवून पोट भरले, तर त्याला नाटक म्हणण्याचा अधिकार आपल्याला, निदान मला तरी, नाही.

आपला संशय एका ठिकाणी मात्र रास्त आहे, आणि ते ठिकाण गावात नसून शहरातल्या सहल कंपनीच्या कचेरीत आहे. तिकिटातले किती पैसे गावाला पोचतात, हे आरक्षणापूर्वी विचारावे आणि उत्तर गुळमुळीत आले तर गावाशी थेट संपर्क साधून जावे. चुंगा नावाच्या ताडाच्या धाग्यांची बारीक विणीची टोपली पुरी व्हायला कित्येक आठवडे लागतात; ती विणणारीकडूनच घ्यावी आणि तिच्याशी घासाघीस करू नये.