तुमच्या अल्बमच्या कडेला दुसऱ्याचा आजा उभा आहे

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी पार खाली गेलं आणि पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडलं. मग काय, ड्रोन आले, यूट्यूबवाले आले. 'पाण्याखालचं गूढ मंदिर' म्हणून व्हिडिओ फिरले. गूढ कसलं डोंबलाचं? धरण भरेपर्यंत तिथं नांदतं गाव होतं. त्या गावचे लोक आजही पुणे-सोलापूर हायवेच्या कडेला नव्या पळसदेवात राहतात. चहाला थांबून एखाद्या म्हाताऱ्याला विचारलं असतं तरी घाट कुठे होता, बाजार कुठे भरायचा, सगळं कळलं असतं.

माझं आजोळ त्याच पाण्यातलं. म्हणून जरा चिडून लिहितोय, समजून घ्या.

आमच्या भागाचे फोटो कमी आहेत असं नाही. भिगवण, कुंभारगाव शोधून बघा, फ्लेमिंगोच फ्लेमिंगो. हातभर लेन्स घेऊन लोक पहाटे होडीत बसतात. बसू देत, आमच्याच पोरांच्या होड्या चालतात त्यावर. पण ज्या पाण्यात ते पक्षी उभे आहेत त्याच्याखाली इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत, माढा अशा तालुक्यांतली घरं नि शेतं गेली. १८५८ मध्ये पुण्याहून डिकसळपर्यंत पोचलेली आणि पुढच्या वर्षी बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, गेलेली रेल्वे इथूनच जायची. धरणामुळे तिचाही मार्ग बदलावा लागला. धरण १९८० ला पूर्ण झालं, साठा ११७ टीएमसी, हे आकडे शाळेतलं पोर सांगेल. त्या गावांच्या गल्ल्या कशा दिसायच्या ते मात्र कुठल्याच सरकारी कागदात सापडत नाही. कागदात सर्व्हे नंबर आहेत, मोबदला आहे, खातेदारांची नावं आहेत. गल्ली नाही.

गल्ली आहे ती लग्नाच्या फोटोंत.

माझ्या थोरल्या मामाच्या लग्नाचा एक फोटो आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा, काळापांढरा. नवरानवरी मधोमध, मुंडावळ्या, दोघांचेही चेहरे शाळेत मार खाल्ल्यासारखे. त्यांच्याकडे बघूच नका, मागे बघा. मागे माळवदाचं घर, दगडी जोतं, आणि भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, जो फोटोत अर्थातच काळा दिसतो. दाराची चौकट नक्षीची आहे. गाव उठलं तेव्हा तीच चौकट बैलगाडीत घालून नव्या गावठाणात आणली. आज ती पत्र्याच्या शेडला बसवलीय आणि आत कडबाकुट्टीचं मशीन आहे. जोत्यावर बायका दाटीवाटीनं बसल्यात. मामीला फोटो दाखवला तर चष्मासुद्धा न लावता म्हणाली, "आरं ही तुझ्या आईची चुलत आत्या. तिची बसायची ढब कुठं बी वळखू येती मला." फोटोच्या मागं सगळ्या पुरुषांची नावं शाईनं लिहिलेली आहेत, अगदी 'श्री.' लावून. बायकांपुढे नुसतं 'महिला मंडळ'. मामी होती म्हणून बारा-तेरा नावं तरी लागली.

आणि अगदी डाव्या कडेला, निम्मे कापले गेलेले, दोन हलगीवाले. मामीला ते 'वाजवणारे' एवढंच माहीत. मामाला नावं ठाऊक होती. त्या नावांवरून विचारत विचारत नव्या गावठाणातल्या वस्तीवर गेलो, तर त्यातल्या एकाचा नातू भेटला. त्यानं आज्याचं तोंड कधी बघितलंच नव्हतं. स्टुडिओत जाऊन फोटो काढायची त्यांची ऐपत नव्हती, आणि कुणी बोलावून काढावा अशी आपली रीतही नव्हती. त्या माणसाचा आमच्या माहितीत असलेला एकमेव फोटो आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये आहे, तोही चुकून. नातवानं मोबाईलवर तो मोठा करून करून बघितला, मग घरात नेला. आतून बायकांचा आवाज आला, "कान बघ की, आबासारखंच."

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की अल्बम ही खासगी मालमत्ता नाही. 'आमच्या घरच्यांचे फोटो, लोकांना काय दाखवायचे' हे मला आता पटत नाही. ज्यांच्या घरी कॅमेरा पोचला त्यांच्याच घरी सगळ्या गावाचे चेहरे अडकून पडलेत. गडी, सालकरी, पाणी भरणाऱ्या बाया, वाजंत्री, सगळे कुणाच्या तरी लग्नात, बारशात, ट्रॅक्टरच्या पूजेत कडेला उभे आहेत. हे काही आपल्याच खेड्यांत घडलं असंही नाही. पुरातत्त्व खात्याच्या इंग्रजी अमदानीतल्या फोटोंत मंदिराची उंची कळावी म्हणून एखादा माणूस शेजारी उभा केलेला असतो. फोटोखाली मंदिराचं नाव असतं. माणूस तिथं नुसता माप म्हणून.

स्टुडिओवाल्यांकडे तरी काही असेल म्हणून तालुक्याला एका जुन्या दुकानात गेलो होतो. मालकाच्या मुलानं सांगितलं, निगेटिव्ह भंगारात घातल्या. फिल्ममध्ये चांदी असते, त्यामुळे एक्स-रे घेतात तसे भंगारवाले त्याही घेतात. त्याला दोष देऊन काय करणार, भाड्याच्या गाळ्यात कुणाकुणाचे चेहरे तो किती वर्षं सांभाळणार?

आता एक नवीनच रोग आलाय. जुना फोटो ॲपमध्ये टाकायचा, रंगीत करायचा, 'क्लिअर' करायचा आणि ग्रुपवर टाकायचा. आमच्या एका नातेवाइकानं आजीचा असाच केला. कातडी गुळगुळीत, डोळे टपोरे, आणि हनुवटीवरचं गोंदण गायब! ॲपला तो डाग वाटला. लुगडं गुलाबी केलंय, ती जन्मात गुलाबी नेसली नसेल. वर सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी. अहो, धूसर का असेना, तो तिचा चेहरा होता. हा कुणाचा आहे देव जाणे. हौस असेल तर करा, पण मूळ फोटो वेगळा ठेवा आणि पुढच्या पिढीला तोच द्या.

बाकी काम फार अवघड नाही. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर फोटो सावलीच्या उजेडात सपाट ठेवा, फ्लॅश बंद, मोबाईल बरोबर वर धरून काढा. मागची बाजूही काढा, तिथं स्टुडिओचा शिक्का असतो. नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आणि म्हाताऱ्या माणसांपुढे फोटो ठेवाल तेव्हा रेकॉर्डिंग चालू ठेवा. 'हा कोण' एवढंच विचारू नका, 'कडेला कोण' तेही विचारा. घाई करू नका, त्यांना आधी कोण कधी वारलं ते सांगायचं असतं.

यंदाच्या यात्रेत मंडपाच्या एका कनातीवर हे फोटो मोठे करून लावायचं आम्ही काही जणांनी ठरवलंय. प्रत्येक फोटोखाली कोरा कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. ज्याला जो ओळखू येईल त्यानं नाव लिहायचं. भांडणं होतील, दोन माणसं एकाच चेहऱ्याला आपापला चुलता म्हणतील, होऊ देत. तर उजनीच्या पाण्यातल्या कुठल्याही गावचा, १९८० च्या आधीचा फोटो घरात असेल तर द्या. फाटका चालेल, वाळवी लागलेला चालेल, ज्यात तुमच्या घरचं कुणीच नाही असा तर आधी द्या. फक्त व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होऊन येतो आणि कडेची माणसं ओळखू येत नाहीत.