‘भागीदारीतून बाहेर पडता येतं, ताई’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर ते भांडण झालं असतं, म्हणून दोन दिवस थांबले. तुम्ही नाव दिलेलं नाही, तेव्हा नुसतं ‘तुम्ही’ म्हणते.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या लग्नाला २८ वर्षं झाली म्हणून मी लिहिलं होतं, की कॅथलिक लग्न हा संस्कार आहे आणि ती जन्मभर वाढत जाणारी भागीदारी आहे. त्यावर तुमचं म्हणणं असं: भागीदारी पटली नाही तर माणूस बाहेर पडतो, तुमच्या चर्चने मात्र दाराला कडी घातली आहे. तुमची मैत्रीण नऊ वर्षं मार खातेय आणि तिला ‘देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये’ हे ऐकवलं जातं. पैसेवाल्यांना मात्र लग्न रद्द करून मिळतं.

आधी माझी चूक. ‘सहन करणं हाच संसाराचा पाया’ हे वाक्य माझंच. लिहिताना हात सैल सुटला. ते वाक्य मी काढून टाकलं आहे, आणि तुमच्यामुळे नव्हे, मावशीमुळे काढलं आहे. तुमची प्रतिक्रिया वाचताना तीच आठवत होती.

मावशी वसईतच दिलेली, माहेरापासून सायकलच्या अंतरावर. नवरा दारू प्यायचा आणि हात उचलायचा. प्रत्येक वेळी घरच्यांनी समजूत काढून परत पाठवली. ‘हा तुझा क्रूस, तू वाहायचा,’ असं तिला सांगणाऱ्यांत एक धर्मगुरूही होते. शेवटी १९८७ साली ती दोन मुलं आणि एक ट्रंक घेऊन आली ती आलीच. चर्चचा कायदा काय म्हणतो हे तिला कुणी सांगितलं नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतला ११५३ वा नियम स्पष्ट आहे: जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला रास्त कारण आहे, आणि थांबण्यात धोका असेल तर कुणाच्या परवानगीची वाट न बघता निघता येतं. १९१७ च्या जुन्या संहितेतही छळासाठी अशी तरतूद होती. म्हणजे नियम कपाटात होता आणि मावशी मार खात होती. तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या कुटुंबावरच्या उपदेशपत्रात तर लिहिलंय, की दुबळ्या जोडीदाराला किंवा मुलांना हिंसेपासून वाचवायचं असेल तेव्हा वेगळं होणं कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरतं.

तर घराच्या दाराला कडी नाही. कडी दुसऱ्या लग्नाच्या दाराला आहे. वेगळी राहणारी बाई मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाते, तिथला ख्रिस्तशरीराचा प्रसाद घेते, त्यात तिच्यावर कसलंही बंधन नाही. मावशी तरीही शेवटच्या बाकावर बसायची. तिला तिथे नियमाने नाही बसवलं, आपण बसवलं, आपल्या नजरांनी.

आता ‘रद्द करून मिळतं’ याबद्दल. घटस्फोट म्हणजे झालेलं लग्न मोडणं. चर्चचं न्यायाधिकरण वेगळं विचारतं: वेदीसमोर ‘हो’ म्हटलं त्या दिवशी ते ‘हो’ खरं होतं का? धाकाने म्हटलं का, फसवून वदवून घेतलं का, लग्नाची जबाबदारी पेलायची मानसिक कुवतच नव्हती का? तसं सिद्ध झालं तर लग्न मुळात झालंच नव्हतं, असा निर्णय येतो. मुलं मात्र औरसच राहतात. पैशांच्या बाबतीत तुमचा राग मला समजतो, पण २०१५ मध्ये फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली, दुसऱ्या न्यायाधिकरणाच्या शिक्कामोर्तबाची सक्ती काढली आणि ती शक्यतो मोफत असावी असंही सांगितलं. रोमला जावं लागत नाही, बहुतेक प्रकरणं धर्मप्रांतातच, म्हणजे आपल्या बिशपांच्या हद्दीतच, निकाली निघतात.

देशाचा कायदाही काही फार पुढे नव्हता, हे जाता जाता. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं. बायकोला व्यभिचारासोबत क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. नुसता मार पुरेसा नव्हता! हे बदललं २००१ मध्ये.

आता तुमचा खरा टोला, भागीदारीचा. धर्मसंहितेत लग्नासाठी ‘कॉन्सोर्तियुम’ हा जो लॅटिन शब्द आहे त्यात ‘सोर्स’ आहे, म्हणजे वाट्याला आलेलं नशीब. दोघांचं नशीब एका गाठोड्यात, सबंध आयुष्यासाठी. त्याला मी ‘भागीदारी’ म्हटलं, कारण आमच्या घरात ती तशीच दिसते.

आमची चाफ्याची वाडी. पहाटे कळ्या खुडायच्या, मोजायच्या, दादरच्या फूलबाजारात पोचवायच्या. लग्नानंतर चौथ्या वर्षी मला बाहेरून कळलं, की ह्यांनी वाडीवर कर्ज काढलंय. मी तीन आठवडे बोलले नाही. ताट वाढायचे, तेही आपटून. एका संध्याकाळी मी भाजी चिरत होते, तर ह्यांनी हिशेबाची वही आणून विळीशेजारी ठेवली. म्हणाले, ‘आजपासून तू लिही.’ माफीबिफी काही नाही. मी ओल्या हाताने पान उघडलं, त्याचा डाग अजून आहे. पहिल्याच दिवशी माझी बेरीज चुकली, शंभराने. ह्यांच्या लक्षात आलं होतं, पण खोडलं नाही. दुसऱ्या दिवशी खाली बारीक अक्षरात ‘+१००’ लिहिलं. तेव्हापासून वह्यांत दोन अक्षरं आहेत. मधे सासूबाईंच्या औषधांची पानं आहेत, आणि गेल्या वर्षी ह्यांच्या मोतीबिंदूच्या वेळची नुसत्या माझ्या अक्षरातली.

संस्कार म्हणते तो हा. आमच्या परंपरेत लग्न फादर लावत नाहीत. वधूवर एकमेकांना हा संस्कार देतात, फादर आणि दोन जण साक्षीला. ही साक्षीची सक्ती १५६३ मध्ये चर्चच्या त्रेंत इथल्या धर्मपरिषदेने आणली. गुपचूप शब्द देऊन नंतर नाकारणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. म्हणजे तो नियमही सोडून दिलेल्या बाईच्या बाजूचाच. पण देणारे दोघंच असतील तर दिलेलं एका सकाळी संपत नाही, ते रोज द्यावं लागतं. फ्रान्सिस यांचंही म्हणणं हेच होतं, की न तुटण्याचा नियम बजावत राहून प्रेम राखलं जात नाही, ते वाढलं तरच टिकतं. एकानेच वाढायचं आणि दुसऱ्याने मारायचं, याला ते प्रेम म्हणत नव्हते, मीही म्हणत नाही.

राहता राहिली एक गोष्ट, तिथे माझ्याकडे गोड उत्तर नाही. लग्न वैध ठरलं तर तुमची मैत्रीण वेगळी राहिली तरी चर्चमध्ये दुसरं लग्न करू शकत नाही. तिशी-पस्तिशीच्या बाईला हे फार जड आहे. मी ते मानते, कारण दिलेला शब्द परिस्थितीनुसार मागे घेता आला तर तो शब्दच कसला, असं मला वाटतं. पण माझ्या पाठीवर वळ नाहीत, त्यामुळे हे मी आवाज चढवून सांगणार नाही.

मैत्रिणीला एवढं सांगा. आधी घराबाहेर पडायचं, मुलं असतील तर त्यांना घेऊन. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. लग्न रद्दबातल आहे का हे तपासायचं असेल तर लग्न झालं त्या धर्मप्रांताच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज, सोबत बाप्तिस्म्याचा आणि लग्नाचा दाखला. त्या निर्णयाने सरकारदरबारी लग्न संपत नाही, सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय, तेव्हा कोर्टाचा अर्ज वेगळा करावा लागेल. आणि चर्चमध्ये एकटीला जायला नको वाटत असेल तर कळवा. रविवारी सातच्या मिस्साला मी असते. पुढच्या बाकावर बसू.