दबाव नाही, फक्त त्याग

अभ्यासाच्या दबावाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर हात उगारलेला बाप उभा राहतो. असे बाप आजही आहेत. सराव चाचणीत गुण कमी पडले म्हणून वडिलांनी केलेल्या मारहाणीत बारावीतल्या मुलीचा जीव गेल्याची सांगली जिल्ह्यातील 2025 सालची घटना विसरता येण्याजोगी नाही. मला मात्र लिहायचे आहे ते मुलाला कधी बोटही न लावणाऱ्या आणि ‘आमचा काही आग्रह नाही, त्याचीच इच्छा आहे’ असे मनापासून सांगणाऱ्या पालकांविषयी.

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियाभोवती खोल्या शोधणारी कुटुंबे दिसू लागतात. आई मुलाला घेऊन दोन वर्षे तिथे राहते, वडील गावी शेती किंवा नोकरी सांभाळत हाताने स्वयंपाक करतात, धाकटी आजीकडे जाते. खोलीत टीव्ही घेतलेला नसतो. माहेरचा फोन आला तर आई जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलते. कोणी रागावत नाही. पण भाडे, क्लासची फी आणि आपल्यापायी दोन ठिकाणी विभागलेले घर हा सगळा हिशेब त्या सोळा वर्षांच्या मुलाला तोंडपाठ असतो, आणि तो फिटणार आहे फक्त ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत 720 पैकी पडणाऱ्या गुणांनी.

2024 साली ही परीक्षा 23 लाखांहून अधिक मुलांनी दिली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. खासगी महाविद्यालयांची फी न परवडणाऱ्यांसाठी त्याहूनही कितीतरी कमी. म्हणजे बहुतेकांचा त्याग वाया जाणार, हे खोलीची अनामत भरतानाच ठरलेले असते. मग सुरू होते ‘रिपीट’, म्हणजे वर्षभर थांबून तीच परीक्षा पुन्हा देणे. प्रयत्नांवर मर्यादा नाही, 2022 पासून वयाचीही कमाल अट उरलेली नाही, त्यामुळे थांबायचे कधी हे परीक्षा सांगत नाही आणि घरातही कोणी सांगत नाही. जितकी वर्षे गेली, तितके मुलाला ‘आता पुरे’ म्हणणे अवघड होत जाते. (‘त्याचीच इच्छा आहे’ हे वाक्य मी सर्वाधिक वेळा तिसऱ्या वर्षी ऐकले आहे.)

सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये, असे केंद्राने जानेवारी 2024 मध्ये सांगितले. पण भाड्याच्या खोलीतल्या या अबोल हिशेबावर कोणतीही नियमावली चालत नाही. म्हणून पालकांना माझे एवढेच सांगणे आहे की, लातूरची बस धरण्यापूर्वीच एकच रिपीट की तोही नाही, हे मुलासमोर ठरवावे, आणि फार्मसी, कृषी किंवा नर्सिंग ही नावे शिक्षा सुनावल्याच्या सुरात घेऊ नयेत.