गर्भपात असो वा सिझेरियन, सही कोणाची लागते?

‘विवाहित स्त्रीचा गर्भपात किंवा सिझेरियन करण्यापूर्वी नवऱ्याची सही घेणे कायद्याने बंधनकारक आहे, कारण मूल दोघांचे असते, सही न घेणारा डॉक्टर तुरुंगात जातो,’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर वारंवार फिरतो. तो कायद्याला धरून नाही.

१९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याचे कलम ३(४) संमती मागते ती गर्भवतीची. ती १८ वर्षांखालील किंवा मनोरुग्ण असेल तरच पालकाची लेखी संमती लागते. संमतीचा ‘फॉर्म सी’ एकदा वाचून पाहावा. त्यात नवरा येतो तो ‘अमुकची मुलगी किंवा पत्नी’ एवढ्या ओळखीपुरता. त्याच्या सहीला जागाच नाही.

मूल दोघांचे, हे कोण नाकारते? नवरा-बायकोने विचारविनिमय करावा, पण विचारात घेणे वेगळे आणि नकाराधिकार देणे वेगळे. गर्भ ज्या शरीरात वाढतो त्या शरीराबद्दलचा निर्णय त्या स्त्रीचाच, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात म्हटले आणि कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी लादू नयेत, असेही बजावले.

तुरुंगाची भीती तर नेमकी उलटी आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे आणि ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत घेऊन, कायद्याच्या चौकटीत गर्भपात करणारा डॉक्टर दोषी ठरत नाही. मात्र गर्भपात झालेल्या स्त्रीचे नाव किंवा तपशील, कायद्याने अधिकार नसलेल्या व्यक्तीला सांगितल्यास २०२१च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५अ नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि निव्वळ नवरा असल्याने तो अधिकार मिळत नाही.

सिझेरियनसाठी वेगळा कायदा नाही. तिथे शस्त्रक्रियेच्या संमतीचे सर्वसाधारण तत्त्व लागू होते. समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीचे गर्भाशय, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. ही संमती ग्राह्य नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. जिथे जन्मदात्या आईची सही चालली नाही, तिथे नवऱ्याची कशी चालेल? रुग्ण बेशुद्ध असून जिवाला धोका असेल, तर डॉक्टरला कोणाच्याही सहीसाठी थांबावे लागत नाही.

मग रुग्णालये नातेवाइकांची सही का घेतात? बिलाची हमी हवी असते आणि काही विपरीत घडले तर जमावाची भीती असते. ही भीती खोटी नाही, पण त्यासाठीचा कागद वेगळा ठेवावा आणि तो कायद्याची अट म्हणून बाळंतिणीपुढे धरू नये.