चाळिशीनंतर चेस येत नाही म्हणे!

'चाळिशीनंतर बुद्धिबळ सुधारणं अशक्य' हा मेसेज बेळगाव-खानापूर-निपाणीच्या ग्रुपांवर फिरतोय, कन्नडातही आलाय. आमच्या दाजींनी तो वाचून संध्याकाळचा डावच बंद केला, म्हणून लिहायला लागलं, नाहीतर असल्याला कोण उत्तर देत बसतंय.

डोकं फिरवणारा मुद्दा मेमरीचा. म्हणे ग्रँडमास्टरांची मेमरी जन्मतःच फोटोसारखी, आपली चाळिशीत गेलेली, विषय संपला. अहो हे 1973 सालीच तपासून झालंय की! अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन (हेच सायमन, 1978 चं अर्थशास्त्राचं नोबेलवाले) यांनी एक मास्टर, एक बऱ्यापैकी खेळणारा आणि एक नवशिका यांना खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला आणि आठवून मांडायला सांगितलं. मास्टर कितीतरी पुढं. मग मोहरे कसेही विस्कटून दाखवले, तर मास्टरसाहेब नवशिक्याच्या रांगेत! म्हणजे मेमरी सुटी नसतेच, खेळून खेळून आकार ओळखीचे होतात, किल्लेकोट केलेला राजा, शेजारचा हत्ती, पुढची तीन प्यादी आणि घोडा ही त्याला एकच गोष्ट दिसते, आपल्याला सहा. माणसं तीनच होती हे खरं, आणि नंतरच्या प्रयोगांत विस्कटलेल्या पटावरही तरबेज लोक थोडे पुढं निघाले, पण थोडेच. आणि ही ओळख खेळूनच होते, मग दाजींचा डाव बंद करून काय साधलं?

'ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करा' म्हणे. समोरच्यानं चौथ्याच चालीला वेगळं काढलं की पाठांतर गेलं, आणि तसंही आपले डाव फुकट दिलेल्या घोड्यापायी जातात. 'रोज ब्लिट्झ (काही मिनिटांत संपणारे झटपट डाव) खेळा' म्हणे, त्यानं त्याच चुका फास्ट होतात.

लहानपणी सुरू केलेल्याला मोठ्या टायटलचा चान्स जास्त, एवढं मान्य, करावंच लागतं. पण दाजींना कुठं टायटल पाहिजेय, त्यांना गल्लीतल्या रिटायर्ड मास्तरांना हरवायचंय. त्याला अर्ध्या तासाचे सावकाश डाव, चाल करण्याआधी 'माझं काय मारलं जातंय' हे बघणं, आणि हरलेला डाव इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) लावायच्या आधी स्वतः परत मांडणं एवढं पुरतंय. सरावाची कोडी लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर फुकट आहेत.

आणि कहर म्हणजे मेसेजच्या तळाला 'चाळिशीपुढच्यांसाठी मेमरी कोर्स'ची पैसे भरायची लिंक आहे. अशक्य आहे तर कोर्स कशाचा विकताय हो?