स्टाफ पाहून हात ठरत नाही

पियानोच्या परीक्षा जवळ आल्या की पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो (स्टाफ म्हणजे नोटा लिहायच्या पाच रेघा): ‘वरच्या स्टाफवरची नोट उजव्यानेच, खालच्यावरची डाव्यानेच. हात बदलणं ही लबाडी आहे, परीक्षक गुण कापतात.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही.

स्टाफ सुराची उंची दाखवतो. रखमानिनोव्हच्या सी शार्प मायनर प्रील्यूडचा (1892) शेवटचा भाग चार स्टाफवर लिहिलेला आहे, वाजवणारा मात्र एकच. अमुकच हात हवा असेल तर संगीतकार तिथे ‘एम. एस.’ म्हणजे डावा हात, अशी खूण करतो.

लबाडीचं म्हणाल, तर बाखच्या तीन आवाजांच्या, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तीन सुरावटींच्या, सिन्फोनिया नावाच्या छोट्या रचना उघडा. मधला आवाज एकाच हाताने शेवटपर्यंत नेता येत नाही, तो दोन्ही अंगठ्यांमध्ये फिरतो. पेटीवर एक हात भात्याला लागतो, म्हणून तिथून आलेल्यांना ही वाटणी नवखी वाटते. मधला आवाज आधी एकट्या उजव्या हाताने सलग वाजवा आणि कानात ठेवा. मग निम्म्या लयीत, वाटणीप्रमाणे. डाव्या अंगठ्याखालची पट्टी पूर्ण दबल्यावरच उजव्याने आपली सोडायची. बिघडतं ते इथेच: अंगठा जड, त्यामुळे हात बदलतानाची नोट ठणकन वाजते आणि ओळ तुटते. रेकॉर्ड करून ऐका. बदल ओळखू आला तर तो एक नोट आधी किंवा नंतर करून पाहा. फट पेडलने झाकू नका, बाकीचे दोन आवाजही त्यात गढूळ होतात. ठरलेली जागा पेन्सिलने कंसात घ्या, नाहीतर दर आठवड्याला बोटं वेगळी पडतात.

गुणांची भीतीही नको. सा ते तार सप्तकातला ग हे अंतर पियानोवर सुमारे 21 सेंमी आहे. दहा वर्षांच्या मुलाने ते ताणून गाठायचं म्हणजे मनगट दुखणारच. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या सूचनांत लहान हातांना रुंद कॉर्ड (एकदम वाजवायच्या नोटा) कधीमधी फोडून वाजवण्याची, नोट गाळण्याचीही मुभा आहे, फक्त परिणाम सांगीतिक हवा. नोट दुसऱ्या हाताला दिली तर काहीच गळत नाही.

एका जागी मात्र आम्ही वाटणी करू देत नाही. बेथोव्हनच्या ओपस 111 सोनाटाच्या आरंभी डाव्या हाताचे ऑक्टेव्ह (एकच स्वर दोन सप्तकांत एकदम) ई फ्लॅटवरून खाली एफ शार्पवर झेप घेतात आणि उजवा मोकळा असतो. दोन हातांत वाटलं की झेप सोपी होते, आणि जो ताण तिथे ऐकू यायला हवा तोच निघून जातो.